धोकादायक नाका सुरक्षित करून घ्यायचाय? गतिरोधकाचं पत्र लिहिण्याआधी हे वाचा

नाक्यावर कुणीतरी गाडीखाली येतं. दुसऱ्याच दिवशी आजूबाजूच्या सोसायट्यांची पत्रं निघतात, "येथे तातडीने गतिरोधक बसवावा." खाली भरपूर सह्या, सोबत नगरसेवकांचं शिफारसपत्र. काही महिन्यांनी उत्तर येतं की हा रस्ता आमच्या अखत्यारीत नाही. किंवा रात्रीतून काळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकल्या जातात, आणि एक पावसाळा गेला की पट्ट्या निघून जातात, डांबरात नुसते खिळे वर राहतात. ते खिळे मग दुचाकीवाल्यांच्या टायरला लागतात.

मुंबईत हे सारखं घडतं, कारण उपाय आधी ठरतो आणि पाहणी नंतर होते, किंवा होतच नाही. पुढचा क्रम विलेपार्ल्याच्या गल्लीला चालतो तसा गोवंडीच्या नाक्यालाही चालतो. घाई करून टप्पे गाळू नका.

त्याआधी आपलं ध्येय पक्कं करा. वाहतूक कोंडी, हॉर्न, पार्किंगची भांडणं हे विषय वेगळे आहेत. इथे एकच गोष्ट हवी आहे: या नाक्यावर कुणी मरू नये आणि कुणाला कायमचं अपंगत्व येऊ नये. स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत हेच ध्येय मान्य केलं आणि नंतर अनेक शहरांनी ते घेतलं. त्यामागचा विचार असा की माणूस चुकणारच; मूल धावणार, आजोबांना गाडीच्या वेगाचा अंदाज येणार नाही, रात्रपाळीहून परतणारा दुचाकीवर पेंगणार. त्या चुकीची किंमत जीव असू नये एवढी व्यवस्था रस्त्याने करायची असते. म्हणून पत्रात "लोकांना शिस्त लावा" हे वाक्य घालू नका. ते घातलं की रस्त्यात काही बदलायची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

टप्पा १: रस्ता कोणाचा, हे आधी शोधा

सगळ्यात जास्त पत्रं इथेच वाया जातात. मुंबईतले बहुतेक रस्ते महापालिकेचे आहेत. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्गही २०२२ पासून पालिकेकडे आहेत. त्यांच्यासाठी अजून एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) पत्रं पाठवणारे बरेच भेटतात. पण वांद्रे-कुर्ला संकुलातले रस्ते एमएमआरडीएचे, बंदर भागातले मुंबई बंदर प्राधिकरणाचे, सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू राज्य रस्ते विकास महामंडळाचा (एमएसआरडीसी). मेट्रोचं काम सुरू असेल तर पत्र्याच्या कुंपणाआतल्या आणि लगतच्या भागाची जबाबदारी काम करून घेणाऱ्या संस्थेवर येते.

एकाच नाक्यावर मालकही एकापेक्षा जास्त असतात. फूटपाथ आणि डांबर पालिकेचं. सिग्नलचे खांब पालिकेचे, पण हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा यात वाहतूक पोलिसांचा शब्द मोठा. बसथांबा बेस्टचा. रस्त्यावरचे दिवे शहर भागात बेस्टकडे, उपनगरात अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरणकडे. झाडाची फांदी सिग्नल झाकत असेल तर काम उद्यान खात्याचं.

तपासणी: कागदावर नाक्याचा कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक वस्तूपुढे मालकाचं नाव लिहा. एकही जागा रिकामी असेल तर पुढे जाऊ नका. पालिकेच्या विभाग (वॉर्ड) कार्यालयात परिरक्षण म्हणजे देखभाल खात्याच्या अभियंत्यांना विचारलं की बहुतेक उत्तरं मिळतात.

टप्पा २: नाक्यावर उभं राहून पाहा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीचं सगळं यावर उभं आहे.

चार-पाच जण जमवा. त्यात शाळेत मूल सोडणारी एक आई किंवा बाबा, एक ज्येष्ठ नागरिक आणि शक्य असेल तर नाक्यावर दिवसभर बसणारा फळवाला किंवा रिक्षा स्टँडवरचे कुणी दादा हवेतच. कोणत्या बाजूने गाडी अंगावर येते हे त्यांना तोंडपाठ असतं. वेळा तीन ठेवा: शाळा भरताना, संध्याकाळी स्टेशनचा लोंढा उतरतो तेव्हा आणि रात्री अकरानंतर. रात्रीची वेळ गाळू नका. दिवसा कोंडीत गाड्या सरकतच नाहीत. रस्ता मोकळा झाला की त्याच नाक्यावरून त्या सुसाट जातात.

वेग असा मोजा. रस्त्याकडेचे दोन खांब निवडा आणि फूटपाथवरूनच टेपने त्यांच्यामध्ये ५० मीटर अंतर धरा. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि गाडीचं पुढचं चाक एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंदांत गेलं ते पाहा. ६ सेकंद म्हणजे ताशी ३० किलोमीटर. साडेचार सेकंद म्हणजे ४०, ३.६ सेकंद म्हणजे ५०, आणि ३ सेकंद म्हणजे ६०. पुढे दुसरी गाडी आडवी नाही अशाच गाड्या धरा. शंभर गाड्यांच्या वेळा कमीपासून जास्तीकडे लावा, पहिल्या १५ सोडा आणि सोळावी वेळ घ्या. अभियंते ज्याला ८५ टक्क्यांचा वेग म्हणतात, म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात, तो साधारण इथे मिळतो. सरासरी देऊ नका. मारणाऱ्या गाड्या सरासरीत लपतात.

वेगावर एवढा जोर का, तेही अर्जात दोन ओळींत येऊ द्या. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने सरासरी वेग १ टक्का वाढला तरी जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. ताशी ३० ला धडक बसलेला पादचारी बहुतेक वेळा वाचतो. ५० ला तेवढी आशा राहत नाही.

मग रस्ता ओलांडायला लागणारा वेळ मोजा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रुंदी मीटरमध्ये घ्या आणि १.२ ने भागा. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. रस्ता १८ मीटर असेल तर त्याला १५ सेकंद हवेत. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १० सेकंदांचा असेल, तर मंडईतून दोन पिशव्या घेऊन निघालेल्या आजी दुभाजकाशी पोचतात तेव्हा समोरच्या गाड्या सुटलेल्या असतात. दुभाजक हातभर रुंदीचा. आजी तिरक्या होतात, पिशव्या पोटाशी घेतात, आणि बसचा आरसा त्यांच्या खांद्याजवळून जातो. हे दृश्य तुमच्या नाक्यावर दिसलं तर फोटो घ्या, त्यांचा चेहरा येणार नाही असा. पत्रात दहा ओळी लिहून जे पटत नाही ते या एका फोटोने पटतं.

तिसरी मोजणी "थोडक्यात वाचले" प्रसंगांची. माणूस मागे उडी मारतो, धावत सुटतो, गाडी करकचून ब्रेक मारते: असे प्रसंग एका तासात किती आणि नकाशावर नेमके कुठे, ते टिंब देऊन नोंदवा. टिंबं एका कोपऱ्यात गोळा होतात. बहुतेकदा तो डावं वळण घेणाऱ्या गाड्यांचा गोलाकार, ऐसपैस कोपरा असतो, जिथे गाडीला वेग कमी करावाच लागत नाही.

जमिनीवरच्या खुणाही वाचा. दुभाजकाची वाकवलेली जाळी सांगते की लोकांना इथूनच जायचं आहे आणि झेब्रा पट्टे चुकीच्या जागी आहेत. पाऊस पडून रस्ता वाळला की ज्या भागावरून चाकं जातच नाहीत तिथे माती आणि कचऱ्याचा थर राहतो. तो भाग गाड्यांना लागत नाही. तिथे फूटपाथ वाढवता येतो. अशा थराचा फोटो जपून ठेवा, टप्पा ४ मध्ये लागेल.

खबरदारी: मोजणी फूटपाथवरूनच करायची. हातात कागद घेऊन घोळका उभा दिसला की चालक वेग कमी करतात, म्हणून दोघांनीच आणि थोडं आडोशाला उभं राहा.

टप्पा ३: पोलिसांकडची नोंद मिळवा

"इथे खूप अपघात होतात" या वाक्याला कार्यालयात वजन नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा. पानभर व्यथा लिहिलेले अर्ज याच कारणाने परत येतात. मजकूर इतकाच पुरतो:

"मागील तीन पूर्ण कॅलेंडर वर्षांत … जंक्शन (स्थानिक नाव …) व त्याच्या सर्व बाजूंना १०० मीटरपर्यंत नोंदलेल्या अपघातांची यादी: तारीख, वेळ, ठिकाण, वाहनांचे प्रकार, जखमी/मृत व्यक्ती पादचारी, दुचाकीस्वार की अन्य, दुखापतीचे स्वरूप, लावलेली कलमे. व्यक्तींची नावे व पत्ते नकोत."

इथे चार ठिकाणी घोळ होतो.

पहिला नावाचा. मुंबईत चौकाला पाटीवर एक नाव आणि तोंडात दुसरं असतं. रिक्षावाला ज्याला अमुक बेकरी म्हणतो त्याचं सरकारी नाव कुण्या मान्यवराचा चौक असतं. दोन्ही लिहा.

दुसरा हद्दीचा. नाका दोन पोलीस ठाण्यांच्या सीमेवर असेल तर अर्ज दोन्हीकडे करा, नाहीतर निम्मी नोंद हातीच लागत नाही.

तिसरा कलमांचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधीचे मृत्यू भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली आहेत, त्यानंतरचे न्याय संहितेच्या कलम १०६ खाली. जखमींसाठी आधी ३३७ आणि ३३८, आता १२५. फक्त जुनी किंवा फक्त नवी कलमं विचारलीत तर काही वर्षं रिकामी दिसतील.

चौथा सगळ्यात दुखरा. गुन्हा नोंदवताना माणूस जखमी असतो आणि काही दिवसांनी रुग्णालयात जातो. म्हणून "नंतर मृत्यू झाल्यास त्याची नोंद" हे शब्द अर्जात जोडा.

तपासणी: यादी कोरी आली तरी थांबू नका. राष्ट्रीय महामार्गावर "ब्लॅक स्पॉट" (अपघातप्रवण ठिकाण) ठरायला सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू लागतात. गल्लीतल्या शाळेसमोर तेवढे बळी जायची वाट कुणी का पाहावी? अशा ठिकाणी टप्पा २ ची मोजणी हाच तुमचा पुरावा.

टप्पा ४: आता मागणी ठरवा

टिंबांचा नकाशा समोर ठेवा आणि प्रत्येक गोळ्याला एक उपाय जोडा.

कोपरा ऐसपैस असेल तर तो आवळून मागा. फूटपाथ पुढे आला की वळणाऱ्या गाडीचा वेग पडतो आणि ओलांडायचं अंतरही घटतं. मातीच्या थराचा फोटो इथे लावा. रस्ता रुंद असेल तर दुभाजकात थांबायला जागा मागा, किमान १.२ मीटर, जमल्यास २ मीटर, म्हणजे व्हीलचेअर किंवा बाबागाडी मावते. सिग्नल अपुरा असेल तर टप्पा २ चा भागाकार जोडून नेमके सेकंद मागा, आणि वळणाऱ्या गाड्यांच्या काही सेकंद आधी पादचाऱ्यांना हिरवा द्या असंही लिहा. याला बांधकाम लागत नाही, त्यामुळे ही मागणी लवकर मंजूर होऊ शकते. झेब्राच्या तोंडाशी लागणाऱ्या टेम्पोंमुळे मूल आणि चालक एकमेकांना दिसत नसतील तर तेवढ्या पट्ट्यात पार्किंगबंदी मागा.

गतिरोधक हवाच असेल तर मापासकट मागा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ च्या वेगासाठी. आपल्याकडे घालतात तो अरुंद, टोकदार उंचवटा दुचाकीवाल्याला उडवतो आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला हादरवतो. शाळेसमोर त्याहून चांगला पर्याय म्हणजे उंचावलेला झेब्रा, ज्याचा माथा फूटपाथच्या पातळीत असतो. मुलं सरळ चालत जातात, चढउतार गाडीला करावा लागतो.

तीन गोष्टी मागू नका. पादचारी पूल, कारण गुडघेदुखीचा माणूस तो चढत नाही आणि खालून पळतो. नुसती रेलिंग, कारण लोक फटीतून जातात आणि मग रस्त्यात अडकतात. आणि "इथे हवालदार द्या", कारण हवालदार रात्री अकरानंतर तिथे नसतो.

टप्पा ५: अर्ज, एका पानात

मूळ अर्ज विभागाच्या सहायक आयुक्तांना आणि सहायक अभियंता (परिरक्षण) यांना. तसाच दुसरा तुमच्या भागातल्या वाहतूक विभागाच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना, कारण त्यांच्या संमतीशिवाय पालिका रस्त्यावरचा बदल करत नाही. दोघांना एकाच दिवशी द्या. नाहीतर पालिका पोलिसांची वाट पाहते आणि पोलीस पालिकेची.

पानावर क्रम असा: जागा, काय धोका, मोजलेले आकडे, पोलिसांची नोंद, मागण्या, आणि शेवटी "संयुक्त पाहणीची तारीख कळवावी." मागे नकाशा आणि तारखेसह फोटो. सह्या मोजक्या असल्या तरी चालतील, पण त्यात शाळेचे मुख्याध्यापक किंवा जवळच्या डॉक्टरांची एक असू द्या.

आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक तुमच्या प्रतीवर घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

खबरदारी: पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार करायची ती तातडीच्या धोक्यासाठी, म्हणजे उघडं मॅनहोल, पडलेला दुभाजक, खड्डा. नाक्याची रचना बदलायची मागणी तिथे टाकलीत तर जवळचा एखादा खड्डा बुजवून तक्रार बंद होण्याचीच शक्यता जास्त.

टप्पा ६: संयुक्त पाहणी

वेळ अधिकारी दुपारची देतील. शाळा सुटण्याची मागा. गर्दी नेऊ नका, पाच जण पुष्कळ. घोषणा झाल्या की अभियंता निघून जातो. बरोबर ३० मीटरची टेप, पांढरा खडू आणि चार शंकू घ्या. कोपरा किती पुढे आणायचा ते पोलिसांच्या देखत खडूने आखून दाखवा, बेस्टची बस वळते का ते तिथेच बघू द्या. बस वळेल का, अग्निशमनचा बंब जाईल का, हे दोन आक्षेप हमखास येतात.

संध्याकाळपर्यंत पाहणीत ठरलेले मुद्दे ईमेलने सगळ्यांना पाठवा. अधिकाऱ्यांची बदली झाली की तोंडी आश्वासन त्यांच्याबरोबर जातं, ईमेल मात्र फाइलला राहतो.

महिनाभर हालचाल नसेल तर अर्जावर काय कार्यवाही झाली हे माहितीच्या अधिकारात विचारा, मग प्रथम अपील. नगरसेवकांकडे या वेळी जा, कागद हातात घेऊन. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला लिहायचं असेल तर मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत हे लक्षात ठेवा. पत्रात मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ चा उल्लेख करा. ठरलेली सुरक्षा मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर रस्त्याची यंत्रणा, सल्लागार आणि कंत्राटदार यांना एक लाखापर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. धमकीच्या सुरात लिहू नका, कलम नुसतं नोंदवा.

टप्पा ७: आधी तात्पुरती चाचणी

थेट काँक्रीट ओतायला कुणी तयार होत नाही, आणि व्हायलाही नको. शंकू, बॅरिकेड आणि रंग वापरून नवा कोपरा काही दिवस आखून पाहायची मागणी करा. मालाडच्या मीठचौकीला असा तात्पुरता आराखडा रस्त्यावर उतरवून पाहिला गेला होता, हे उदाहरण अधिकाऱ्यांना माहीत असतं. चाचणी फक्त रविवारी ठेवली तर तिला अर्थ नाही. कामाचे दिवस हवेत. त्या काळात टप्पा २ ची मोजणी त्याच खांबांमध्ये, त्याच वेळांना पुन्हा करा.

खबरदारी: स्वतः दगड, टायर किंवा सिमेंटचे उंचवटे टाकू नका. रात्री दुचाकीवाला त्यावर आदळला तर आपण ज्यासाठी धडपडतोय नेमकं तेच आपल्या हातून होईल, आणि कायद्याने जबाबदारीही येईल.

टप्पा ८: पक्कं काम आणि पावसाळ्याचं गणित

मुंबईत रस्त्याची कामं साधारण ऑक्टोबर ते मे चालतात. ओल्या डांबरावर थर्मोप्लास्टिकचे (तापवून लावायच्या रंगाचे) पट्टे टिकत नाहीत. म्हणून मोजणी पावसाळ्यातच उरका, अर्ज सप्टेंबरपर्यंत द्या. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो, तेव्हा मोठी मागणी त्याच्या बरीच आधी पोचलेली हवी.

तुमच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण होणार असेल तर वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे त्याचा आराखडा फुटपट्टी घेऊन बघणं. काँक्रीट गुळगुळीत असतं, रात्री वेग वाढतो. कोपरे, दुभाजकातली थांबायची जागा, उंचावलेला झेब्रा हे सगळं ओतण्याआधी आलं तर आलं. नंतर काँक्रीट फोडायला कुणी परवानगी देत नाही.

काम चालू असताना बघायचं ते एवढंच: गतिरोधकाची उंची दोरी ताणून १० सेंटिमीटर आहे का, त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक आहे का, झेब्राशी पाणी तुंबतं का, फूटपाथचा उतार व्हीलचेअरला पुरतो का. पट्टे नसलेला नवा गतिरोधक एका रात्रीसाठीही उघडा सोडू देऊ नका.

दरम्यान अपघात झालाच तर १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि जखमीला मदत करा. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

टप्पा ९: नंतरची मोजणी

महिन्याने एकदा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर एकदा, त्याच दोन खांबांमध्ये वेग मोजा. मृत्यूंचे आकडे एका नाक्यापुरते इतके थोडे असतात की "वर्षभरात कुणी गेलं नाही" यावरून काही सिद्ध होत नाही. वेग आणि थोडक्यात वाचलेल्यांची टिंबं मात्र लगेच बोलतात. ८५ टक्क्यांचा वेग ताशी ३० च्या वर राहिला असेल तर टप्पा ४ वर परत या.

आणि केबल किंवा पाइपसाठी कुणी चर खणला की पट्टे, उंचवटे आधी होते तसेच करून द्यायचे असतात. खणकाम सुरू होताना फलकावरचा परवानगी क्रमांक टिपून ठेवा, चर भरला त्या आठवड्यात जाऊन बघा, आणि झेब्रा परत रंगवलेला नसेल तर त्याच क्रमांकाने परिरक्षण खात्याला लिहा.